बेटाचं ताट

सोलापूर-धुळे महामार्गाने जा, लातूर-नांदेड रस्त्याने जा, नाही तर संभाजीनगरहून जालन्याकडे निघा, वाटेत कुठे ना कुठे एखादं बेट लागतंच. लांबून आधी नारळाचं झाड दिसतं. केवढाही वारा सुटला तरी त्याच्या झावळ्या जागच्या हलत नाहीत, कारण त्या फायबरच्या असतात. मग गवताने शाकारलेल्या गोल झोपड्या, आतून निळा रंग दिलेलं सिमेंटचं तळं, तळ्यावर लाकडी पूल, मधोमध चार टेबलं मावतील एवढं बेट आणि कंपाउंडच्या भिंतीवर उडी मारणारा डॉल्फिन. भिंतीपलीकडे तूर किंवा सोयाबीन. पाटीवर आयलँड, लगून, बीच असलं काहीतरी नाव आणि त्याखाली फॅमिली गार्डन रेस्टॉरंट, पार्किंगची सोय.

मला ही हॉटेलं मनापासून आवडतात. प्रवासात जेवायची वेळ झाली आणि आसपास असं एखादं बेट असलं, की मी गाडी तिकडेच वळवायला सांगते. लातूरहून समुद्र गाठायचा तर रात्रभराची गाडी लागते. माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणींनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत किंवा लग्न झाल्यावर. आईच्या पिढीतल्या बऱ्याच बायकांनी तो पाहिलाच नाही. एप्रिल-मे महिन्यात रविवारी संध्याकाळी या हॉटेलांत जाऊन बघा. नऊवारीतल्या म्हाताऱ्या नातवाचा हात धरून पूल ओलांडत असतात, बारकी पोरं तळ्यात हात घालून एकमेकांवर पाणी उडवत असतात आणि त्यांना कुणीही रागावत नसतं. चहूबाजूंनी पाणी, त्यात आपण बसलोय आणि समोर ताट वाढलेलं, ही हौस दुष्काळी मुलखातल्या माणसाला नसेल तर कुणाला असेल?

माझं भांडण आहे ते ताटाशी. बेटावर नेऊन बसवतात आणि समोर येतं पनीर बटर मसाला, मंचुरियन आणि तंदुरी रोटी. हे सगळं मला आवडतं, मी खातेही. पण ज्या बेटाचा एवढा थाट मांडलाय, तिथली माणसं काय खातात, कसं शिजवतात, त्यांना काय मिळतं नि काय मिळत नाही, याचा त्या मेनूकार्डात पत्ताच नसतो. फार तर एक हवाईयन पिझ्झा असतो. तो अननसाचा पिझ्झा हवाई बेटांवर जन्मलेलाच नाही. १९६२ साली कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात, चॅटम नावाच्या गावी, सॅम पानोपूलोस या मूळच्या ग्रीक हॉटेलवाल्याने डब्यातला अननस पिझ्झ्यावर घालून पाहिला. डब्यावर जे नाव होतं तेच त्याने पिझ्झ्याला दिलं. अननसही मुळातला दक्षिण अमेरिकेचा, हवाईत त्याचे मळे फार उशिरा आले.

बेटाची सजावट करून जेवायला घालायची ही रीत आपल्याकडची नाहीच. ती अमेरिकेत १९३०च्या दशकात सुरू झाली. जागतिक मंदीने लोक पिचलेले होते, दारूबंदी नुकतीच उठली होती. अशा वेळी हॉलीवूडमध्ये डॉन द बीचकोंबर नावाचा बार निघाला. अर्नेस्ट गँट नावाचा तरुण तो चालवायचा, पुढे त्याने स्वतःचं नावच डॉन बीच करून घेतलं. बांबूच्या भिंती, मासेमारीची जाळी, मंद दिवे आणि रमची सरबतं. तिकडे ओकलंडमध्ये व्हिक्टर बर्जेरॉनने ट्रेडर विक्स काढलं, आणि १९४४ साली माई ताई हे पेय आपणच पहिल्यांदा केलं, असं तो सांगायचा. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर जाऊन आलेले हजारो सैनिक घरी परतले, तशी या हॉटेलांची लाटच आली. खाण्यात बहुतेक चिनी पदार्थ असायचे, नाव मात्र पॉलिनेशियाचं, म्हणजे त्या पॅसिफिक बेटांचं. आपल्या महामार्गावरच्या बेटात मंचुरियन का मिळतं, याचं हे एक जुनं नातं म्हणायला हरकत नाही.

या सजावटीतली एक गोष्ट मला मुळीच आवडत नाही. तिकी म्हणून जे लाकडी चेहरे दारात उभे असतात, ज्यांच्या आकाराच्या मगात सरबत देतात, ते पॉलिनेशियातल्या लोकांच्या पूर्वजांचे आणि देवांचे चेहरे आहेत. आपल्या देव्हाऱ्यातल्या खंडोबाच्या टाकाचा कुणी पेला करून त्यात नळी खुपसली तर आपल्याला जे वाटेल, ते त्यांनाही वाटत असणार. हैदराबादच्या एका मोठ्या हॉटेलात मी असा मग परत पाठवून साध्या ग्लासात सरबत मागितलं होतं. वाढणाऱ्या पोराने काही न विचारता ते आणून दिलं.

आता निळ्या सरबताबद्दल. ब्लू लगून मॉकटेल नाही असं बेट-हॉटेल मराठवाड्यात तरी माझ्या पाहण्यात नाही. त्यातल्या निळ्या सिरपवर क्युरासाव असं लिहिलेलं असतं. क्युरासाव हे कॅरिबियन समुद्रातलं एक खरंखुरं बेट आहे, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळचं. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तिथे व्हॅलेन्सियाची गोड संत्री नेऊन लावली. पण तिथला पाऊस तुटपुंजा, माती कोरडी, ऊन कडक. संत्री खुरटली, इतकी कडू झाली की तोंडात धरवेनात. झाडं तशीच सोडून दिली. पुढे कधीतरी कुणाच्या तरी लक्षात आलं, की या कडू फळाची साल उन्हात वाळवली की तिचा सुगंध घमघमतो. त्या सालीपासून मद्य झालं, मद्यावरून रंगीत सिरप झालं, आणि तो रंग आज आपल्या टेबलावर येतो. आपल्या बाटलीत ती साल असतेच असं नाही. बहुतेक वेळा नुसता रंग नि साखर असते.

हे मला कळलं तेव्हा पहिल्यांदा आठवली ती जालन्याकडच्या मामांची मोसंबीची बाग. मोसंबीला ताण द्यावा लागतो. अंबिया बहार धरायचा तर हिवाळ्यात झाडाचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, पिवळी पडायला लागतात, काही गळतात. नवखा माणूस घाबरून पाणी सोडायला जाईल. मामा रोज सकाळी ओळीओळीने हिंडून पान हातात घेऊन बघायचे, बोटांनी दुमडून बघायचे, मातीचं ढेकूळ फोडून बघायचे. ताण पुरा झाला असं वाटलं की खत घालून पाणी सोडायचं, मग झाड फुलांनी भरून जायचं. तहानेतूनच बहार काढायची ही विद्या. पण २०१२-१३ च्या दुष्काळात ताण तोडायलाच पाणी उरलं नाही. जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा जळाल्या, लोकांनी वाढवलेली झाडं कुऱ्हाडीने तोडून सरपणाला लावली. मामांचीही गेली. तेव्हापासून ते निळं सरबत समोर आलं की मला त्यात सुट्टीची मजा दिसत नाही. पाण्यावाचून कडू झालेली संत्री दिसतात, आणि त्यांच्या सालीतून काहीतरी काढणारी माणसं दिसतात. ती माणसं मला फार जवळची वाटतात. क्युरासावमध्ये आजही पिण्याचं पाणी समुद्राचं मीठ काढूनच करावं लागतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की बेटांचं आणि आपलं नातं नारळाच्या झाडाचं नाही, तुटवड्याचं आहे. बेटावरच्या बाईला आणि मराठवाड्यातल्या बाईला स्वयंपाक करताना एकच प्रश्न पडतो: जवळ आहे तेवढ्यात कसं भागवायचं, आणि जे आज आहे ते उद्यासाठी कसं टिकवायचं? त्यांच्या चहूकडे खारं पाणी, आपल्या चहूकडे कोरडी माती.

अंदमानला गेलो होतो तेव्हा हे मी अगदी जवळून पाहिलं. स्वराज द्वीप, म्हणजे पूर्वीचं हॅवलॉक. पहिल्या रात्री आम्ही राहत्या ठिकाणच्या रेस्टॉरंटमध्ये जेवलो. खऱ्या बेटावर बेटाची सजावट केलेली होती: शिंपल्यांचे दिवे, होडीचं काउंटर. ताटात ब्रोकोली आणि मशरूम होते, म्हणजे चेन्नईहून किंवा कोलकात्याहून समुद्रातून तीनेक दिवस प्रवास करून आलेलं अन्न. दुसऱ्या दिवशी बाजारात एका बाईंच्या खानावळीत गेलो. पत्र्याचं छप्पर, चार बाकडी, फळ्यावर खडूने लिहिलेले पदार्थ आणि त्यातल्या निम्म्यांवर काट. विचारलं तर त्या म्हणाल्या, "दीदी, समुद्र खवळलाय. बोट आली नाही, टोमॅटो नाहीत, बटाटे नाहीत." मग आज काय आहे? तर डाळ, भात, केळफुलाची भाजी, मासा आणि कोचू शाक.

त्यांचे आजोबा फाळणीनंतर पूर्व बंगालमधून निर्वासित म्हणून आलेले. सरकारने अशा कितीतरी बंगाली कुटुंबांना या बेटांवर जमिनी देऊन वसवलं. जंगल तोडून शेती करायची, वरून पाऊस अफाट, आणि मुख्य भूमीवरून काय येईल याचा भरवसा नाही. कोचू शाक समोर आलं आणि आई पहिल्या घासाला म्हणाली, "अगं, हा तर आपला चमकोरा!"

अळूच होता. आमच्याकडे त्याला चमकोरा म्हणतात. त्या बाईंनी देठ सोलून, कापून, खूप वेळ शिजवून त्यात माशाचं डोकं घातलं होतं, वरून लिंबू. आई मासे खात नाही म्हणून तिला बिनमाशाचा वेगळा काढून दिला. मग दोघींचं सुरू झालं. आईला हिंदी बेताचं येतं, त्यांना मराठी मुळीच नाही, पण घसा खाजू नये म्हणून काय करायचं यावर अर्धा तास बोलणं चाललं. अळूच्या पानादेठांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. भरपूर शिजवलं आणि आंबट घातलं की त्रास होत नाही. त्या लिंबू घालतात, आई चिंच. आईच्या पातळ भाजीत हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे आणि गूळही असतो. त्यांनी ते ऐकून डोळे मोठे केले, "भाजीत गूळ?"

आमच्या जुन्या घरी चमकोरा लावलेला होता तो न्हाणीच्या मागे. अंघोळीचं, भांड्यांचं पाणी जिथून बाहेर पडायचं त्या चरीच्या काठाने. सबंध वाड्यात उन्हाळ्यातही ओल असणारी ती एवढीच जागा. आजी मुद्दाम तिथेच खरकटी भांडी घासायची, म्हणजे तेवढंच पाणी मुळाशी जायचं. पानावर पडलेला थेंब गोल होऊन घरंगळायचा आणि मी तो दुसऱ्या पानावर झेलायचे. हे झाड मराठवाड्यात जगवायचं तर असं सांडपाण्यावरच जगवावं लागतं, पण प्रत्येक घरामागे असायचंच.

नंतर या झाडाचा माग काढला तर जगातली बेटंच्या बेटं त्यावर उभी आहेत. हवाईत त्याला कालो म्हणतात. तिथल्या लोकांच्या कथेत पहिलं बाळ मृत जन्मलं, त्याला पुरलं तिथून अळूचं झाड उगवलं. त्याच आईबापांचा दुसरा मुलगा हालोआ, तो माणसांचा पूर्वज. म्हणजे अळू हा माणसाचा थोरला भाऊ. त्याचे कंद शिजवून, दगडी बत्त्याने कुटून, पाणी घालून पोई करतात, आणि ती बोटांनी खातात. किती घट्ट आहे त्यावरून एका बोटाची, दोन बोटांची, तीन बोटांची पोई. थोरला भाऊ ताटात असताना घरात भांडण करायचं नाही, असा जुना संकेत आहे. अळूच्या पानांत डुकराचं मांस किंवा मासा बांधून वाफवला की लाउलाउ. सामोआत नारळाच्या घट्ट दुधात ही पानं शिजवतात. त्रिनिदादमध्ये त्यांचं कलालू होतं. मॉरिशसमध्ये त्यांना ब्रेद सोंज म्हणतात आणि डाळीबरोबर, खारवलेल्या माशाबरोबर शिजवतात. १८३४ पासून जे मजूर करार करून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर नेले, त्यांत मराठी माणसंही होती. आज तिथे गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुटी असते. त्यांच्या पणज्यांनीही परक्या बेटावर आधी ओळखीचं पान म्हणून अळूच खुडला असेल, असं मला वाटतं.

महामार्गावरच्या एकाही बेटावर अळू नाही. अळूवडी स्टार्टरमध्ये असते कधीकधी, पण ती महाराष्ट्रीयन थाळीच्या पानावर.

आता त्रिवेंद्रमबद्दल सांगते. अण्णांच्या उपचारांसाठी आम्हांला तिथे बरेच दिवस राहावं लागलं. त्या शहरात मालदीवचे लोक औषधोपचारासाठी मोठ्या संख्येने येतात. मालदीवला जवळचं मोठं शहर तेच. आमच्या लॉजच्या गल्लीत त्यांच्यासाठी चालवलेलं एक छोटं हॉटेल होतं. भिंती पांढऱ्या, ट्यूबलाइट, एक कॅलेंडर, प्लास्टिकच्या खुर्च्या. झावळी नाही, डॉल्फिन नाही, शिंपला नाही. तिथे सकाळी मास हुनी मिळायची. खोवलेलं ओलं खोबरं, बारीक केलेला कुपा मासा (टूना), कांदा, हिरवी मिरची, वर लिंबू, सगळं हाताने चुरून एकजीव केलेलं. सोबत रोशी नावाची पातळ चपाती आणि गोड काळा चहा. अण्णांना दवाखान्याच्या पथ्याने तोंडाला चव राहिली नव्हती. त्यांनी डॉक्टरांना विचारून एक घास घेतला आणि थांबले. म्हणाले, "सुकट."

मराठवाड्यात समुद्र वाळून यायचा. आठवडी बाजारात भाजीवाल्यांच्या ओळी संपल्या की थोडं अंतर सोडून सुकट-बोंबीलवाल्या बायका बसलेल्या असायच्या. वास आधी यायचा, मग त्या दिसायच्या. मापाने जवळा, जुडीने बोंबील. पार कोकणातून, मुंबईकडून आलेला हा माल. तसा हा मुलूख समुद्राला कधीच तुटलेला नव्हता. दोन हजार वर्षांपूर्वी पैठणहून आणि तेरहून गाड्या भरून माल भडोचच्या बंदराला जायचा, आणि ते एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय. पण गरिबाच्या घरात समुद्र शिरला तो सुकटीच्या रूपानेच. आमच्याकडे ती मागच्या अंगणातल्या चुलीवर व्हायची, घरातल्या चुलीवर नाही. तवा तापला की कोरडीच भाजायची, आवाज कुरकुरीत येईपर्यंत. मग चाळणीत चोळून डोकी, काटे झाडायचे. तेलात लसूण, कांदा, लाल तिखट, त्यात ती परतायची आणि खाली उतरवताना शेंगदाण्याचा कूट. ज्वारीची भाकरी. अण्णा तो घास घेऊन थांबले ते यामुळे.

मालदीव आणि आपल्या लक्षद्वीपातलं मिनिकॉय इथे कुपा उकडून, धुरावर धरून, उन्हात वाळवून लाकडासारखा कडक करतात. तो महिनोन्‌महिने टिकतो. समुद्र खवळला, होड्या बाहेर पडल्या नाहीत, तरी घरात मासा असतो. आमच्याकडे पाऊस पडला नाही, भाजी आली नाही, तरी डब्यात काहीतरी असायचं. उन्हात वाळवलेल्या गवारीच्या शेंगा, वांग्याच्या फोडी, हरभऱ्याचा वाळलेला पाला, सांडगे, कुरडया. खोबरं आम्ही वापरतो तेही वाळलेलंच, वाटी विस्तवावर काळी करून येसराच्या आमटीत वाटलेलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला मांसाच्या लांब पट्ट्या दोरीवर वाळत असायच्या. चान्या. आमच्या वर्गातली एक मैत्रीण त्या दप्तरात आणायची आणि लपवून खायची. उन्हाने अन्न टिकवायची विद्या तिच्या घरची आमच्याइतकीच, खरं तर आमच्याहून जास्त कसाची होती, पण तिला ती लपवावी लागली. या टिकवलेल्या अन्नांची नावं घ्यायची वेळ आली की मी चान्यांचं नाव घेतल्याशिवाय राहत नाही.

त्या हॉटेलात एक मालदीवचे गृहस्थ आमच्या ओळखीचे झाले. पत्नीला घेऊन आलेले. हिंदी सिनेमे पाहून शिकलेलं हिंदी बोलायचे. एका सकाळी अण्णांनी ग्लासातलं उरलेलं पाणी ओतून न देता बाटलीत भरलं, ते त्यांनी पाहिलं आणि स्वतःची बाटली वर करून दाखवली. त्यांनीही तेच केलं होतं. मग त्यांनी सांगितलं. डिसेंबर २०१४ मध्ये माले शहरातल्या पाणी गोड करण्याच्या कारखान्याला आग लागली आणि लाखभर लोकांच्या राजधानीचे नळ कोरडे पडले. समुद्र खिडकीतून दिसतोय, आणि हातात बाटलीसाठीची रांग. पहिलं पाणी आलं ते भारतातून, विमानाने, पाठोपाठ जहाजाने. ते म्हणाले, "आपके देश का पानी पिया है मैंने."

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हमको ट्रेन से आया था."

२०१६ चा एप्रिल. मांजरा धरण कोरडं, लातूरला नळ नाही. पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी होऊन मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून जमावबंदी लागू केलेली. मिरजेहून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून जलदूत रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. अण्णा ती बघायला स्टेशनकडे गेले होते आणि आल्यावर कुणाशी न बोलता झोपून राहिले होते. हे सगळं त्यांनी त्या परक्या माणसाला तुटक्या हिंदीत सांगितलं. आम्हांला त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं.

त्या गृहस्थांनी मग बेटाखालचं पाणी कसं असतं ते टेबलावर बोटाने काढून दाखवलं. प्रवाळाच्या वाळूत मुरलेलं पावसाचं गोड पाणी खाऱ्या पाण्याच्या वर भिंगासारखं तरंगत असतं. गोडं हलकं, खारं जड. थोडं थोडं उपसलं तर पुरतं. हाव केली की खालून समुद्र वर चढतो आणि विहीर खारट होते. लक्षद्वीपातही हेच, म्हणून कवरत्तीला २००५ साली समुद्राच्या खालच्या थंड पाण्याच्या मदतीने रोज लाखभर लिटर गोडं पाणी करणारा प्रकल्प उभारावा लागला. अण्णांनी आमच्या बोअरवेल सांगितल्या, काळ्या पाषाणात शेकडो फूट खाली गेलेल्या आणि नुसता फुफाटा वर आणणाऱ्या. दोघं आपापल्या जमिनीखालचं पाणी टेबलावर काढत बसले होते. माझ्या आयुष्यात मी जितक्या बेट-हॉटेलांत जेवले, त्यांतलं मला हे सगळ्यात खरं वाटतं.

म्हणून महामार्गावरच्या हॉटेलमालकांना मला काही सुचवायचं आहे. तळं राहू द्या, पूल राहू द्या, म्हाताऱ्यांना आणि पोरांना त्याचा आनंद आहे. मुंगळ्यांसारखी माणसं रविवारी येतात ती त्यासाठीच. पण मेनूकार्डाचं एक पान बेटाला द्या. त्यासाठी विमानाने काही आणावं लागत नाही. तळ्याचं पाणी बदलता तेव्हा ते गटारात जातं. त्याच्या वाटेवर चमकोरा लावा. पानं नारळाच्या दुधात शिजवा, सामोआसारखी, आणि आपल्यासारखी चिंच-गुळात. जिथे मांसाहार चालतो तिथे सुकट ओल्या खोबऱ्यात चुरून, लिंबू पिळून, पातळ चपातीबरोबर द्या. नाथसागरातला मासा संभाजीनगरच्या बाजारात रोज येतो, तो अळूच्या पानात बांधून वाफवता येईल. निळ्या सिरपाऐवजी जालन्याच्या मोसंबीचा रस द्या, ग्लासाच्या काठाला तिचीच वाळवलेली साल लावा.

सुकटीचा प्रयोग मी घरी केलाय. ओलं खोबरं मिळालं नाही तर सुकं खोबरं किसून कोमट पाण्यात भिजवून घ्यायचं. सुकट कोरडी भाजून, झाडून, हाताने जाडसर चुरायची. कांदा अगदी बारीक, मिरची हिरवी, मीठ आधी घालायचं नाही कारण सुकटीतच असतं. कांदा-मिरची लिंबाच्या रसात हाताने चुरडून मग बाकीचं मिसळायचं. अण्णांना ते ज्वारीच्या भाकरीबरोबर लागतं, माझ्या मुलीला चपातीबरोबर. आई चुलीकडे पाठ करून बसते आणि दोघांनाही सांगते, की यात शेंगदाण्याचा कूट हवाच होता.